नाळेवरची बामाबाय

बामाबाय शेअर रिक्षात कधी सरळ जाऊन बसली नाही. आधी ती बाहेर उभी राहून आत बसलेल्या माणसांकडे बघायची, मग हुकूम सोडायची. "तू बारीक हायेस, तू मधी बस. ए चष्मेवाल्या, तू पलीकडं हो. आता मना इकडं जागा कर." लोक कुरकुरत सरकायचे. रिक्षावाला म्हणायचा, "मावशी, बसा ना पटकन, मागे लाईन लागली." ती म्हणायची, "बसतंय रे. पन रिक्षा एका बाजूला लवंडली तर मना बोलू नको." कोपर स्टेशनपासून आमचं घर काही लांब नाही, पण बामाबाय बरोबर असली की चालत गेलेली माणसं आमच्या आधी पोचायची.

ती माझी थोरली जाऊ. तिचा नवरा आणि माझा नवरा सख्खे भाऊ. ते दोघे आधीच गेले, आता तीही गेली. माणूस गेलं की लोक चांगलंच बोलतात. मी तसं करणार नाही. ती भांडखोर होती, गरज नसताना खोटं बोलायची, आणि मासळीचे वाटे घातले की मोठी चिंबोरी दरवेळी तिच्याच वाट्यात पडायची. पण तिच्यासारखं बसणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. लोक उभे राहून नाव काढतात, हिने बसून काढलं.

वजन भरपूर. जाडी म्हटलेलं तिला चालायचं नाही, वजनदार म्हटलेलं चालायचं. आमची शेतं बिल्डरला गेली, त्या जागी टॉवर झाला आणि त्यात आम्हाला समोरासमोर दोन घरं मिळाली. टॉवरची लिफ्ट जास्त माणसं झाली की कोकलायची. मग सगळे बामाबायकडे बघायचे. ती छताकडे बघायची. कोणी म्हणालं, "आजी, तुम्ही नंतर या ना," की ती म्हणायची, "मी आधी चढले. नंतर चढलं त्यानं उतरायचं." मग दोन-तीन बारकी माणसं उतरायची आणि लिफ्ट गप्प व्हायची. "बगा," ती म्हणायची, "लिफ्टला कळतं कोन बरोबर हाय."

शेतं गेली, मिठागरं गेली, होडी तेवढी राहिली. ती बामाबायच्या नवऱ्याची, मग तिच्या मुलाची, दिनेशची. लहान लाकडी होडी, वल्ह्याने चालायची. पुरुषांनी खाडीत जायचं, बोय, कोळंबी, चिंबोऱ्या आणायच्या, आणि आम्ही बायकांनी त्या बाजारात विकायच्या, ही आमच्या घरची रीत. बामाबाय लग्न होऊन आली त्या दिवसापासून तिने त्या होडीची मासळी विकली, पण होडीत पाय ठेवला नव्हता. पाट्या उतरवून घ्यायला गुडघाभर चिखलात उतरायची तेवढीच.

दिनेशची कंपनी बंद पडली. चाळिशी ओलांडलेला माणूस, नवी नोकरी कोण देणार? तो म्हणाला, मी खाडीच करतो, पण वल्हं मारून नाही. वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमधून त्याने जुनं मशीन आणलं, होडीच्या मागच्या फळीला बाहेरून टांगायचं. आणलं त्या दिवशी आम्ही सगळे बंदरावर गेलो. नारळ फोडला. मशीन मागे, पेट्रोलचा डबा मागे, आणि मशीनचा दांडा धरायचा म्हणून दिनेशही मागे. त्याने दोरी ओढली, मशीन भुर्र झालं, आणि होडीचं तोंड वर गेलं. असं वर गेलं की दिनेशला समोर आपल्याच होडीच्या फळ्या आणि वर आभाळ, एवढंच दिसत होतं. पाणी कुठे आहे ते त्याला आम्ही ओरडून सांगत होतो.

"दिनेश, चंद्रावर जातोस कं?" बंदरावरून कोणीतरी ओरडलं.

"जातोस तर डबा घेऊन जा!"

होडीच्या पुढच्या टोकाला आमच्यात नाळ म्हणतात. त्या दिवसापासून बंदरावर सगळ्यांना एकच विषय, दिनेशच्या होडीची नाळ खाली कशी आणायची. कोणी सांगितलं पुढे दगडांची गोणी ठेव. ठेवली. नाळ वर गेली तशी गोणी घसरत मागे आली आणि दिनेशच्या पायावर बसली. मग गोणी बांधून टाकली. आता मशीन बंद केलं की नाळ खाली जाऊन होडी पाणी प्यायला लागली, आणि जाळं टाकायची जागा नेमकी दगडांनी धरलेली. जोमा आबा म्हणाले नजर लागलीय. हे आमच्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ, घरातलं सगळ्यात जुनं माणूस. बंदरावर बसून दुसऱ्यांच्या चुका मोजणं हे त्यांचं काम. त्यांनी नाळेला लिंबू-मिरची बांधली. नाळ वरच राहिली, फक्त आता लिंबू-मिरचीसकट.

हसण्यावारी चाललेलं, पण एक दिवस दिनेश समोर दिसत नसताना शेजारच्या आळीतल्या माणसाच्या जाळ्यात घुसला. खुंट मोडले, जाळं फाटलं. ती सगळी आळी आमच्या टॉवरखाली भांडायला आली. दिनेश संध्याकाळी म्हणाला, "आये, मशीन परत देऊन टाकतो. माझ्यानं वल्हंही होत नाय आन हेही होत नाय."

बामाबायने रात्रीच आपला डबा भरून ठेवला. सकाळी डबा घेऊन बंदरावर आली आणि म्हणाली, "मी बसतंय पुढं."

दिनेश हसला. जोमा आबा हसले नाहीत. नारळी पुनवेला नाळेला हळदकुंकू लावतात, नारळ देतात, चप्पल घालून तिच्यावर कोणी पाय ठेवत नाही. आबा उठून उभे राहिले. "बाईमानसानं नाळेवर बसायचं नाय. होडी बाटंल."

"आबा," बामाबाय म्हणाली, "पोराला नाळ असते ना?"

"असते."

"ती कुनाला लागलेली असते? बापाला कं?"

आबांनी काठी या हातातून त्या हातात घेतली.

"बापाच्या पोटात कवा नाळ बघितली हाय कं तुमी? नाळ बाईची असते. मग होडीची नाळ तेवढी तुमच्या बापाची कवापासून झाली?"

आबांचा बाप म्हणजे आमच्या सासऱ्यांचाही बाप, तेवढं तिने बघितलं नाही. तिने चपला काढल्या, आबांच्या पायाशी ठेवल्या, नाळेला हात लावून कपाळाला लावला, नऊवारीचा काष्टा घट्ट केला आणि बसली. होडी आधी 'हं' अशी खाली गेली. दिनेशने मशीन चालू केलं. होडीने मान वर केली, बामाबायने ती खाली दाबली. होडी सपाट निघाली. ताटातल्या पाण्यासारखी सपाट. आबांनी चपलांकडे पाठ केली.

मग रोजचं झालं. बामाबाय सकाळी होडीत जायची, दुपारी येऊन बाजारात माझ्या शेजारी बसायची. आणि नुसती बसून राहायची असं नाही. मशीन वेगात घेतलं की ती पार टोकाला जायची, हळू केलं की मागे सरकायची, मागे मासळी भरत गेली की पुन्हा पुढे. दिनेशला सांगावं लागायचं नाही, बुडाखाली काय चाललंय ते तिला कळायचं. तिला कोणी विचारलं, दगड बांधला असता तर चाललं नसतं का, की ती म्हणायची, "दगड सरकतो कं? मी सरकतंय."

त्यानंतर तिला सगळं जग होडीसारखं दिसायला लागलं. रिक्षातली ती व्यवस्था तेव्हापासूनची. कल्याणला एका हॉलमध्ये लग्न होतं. स्टेजवर नवरा-नवरीसाठी फुलांचा झोपाळा. फोटोला ही नवरीच्या बाजूला जाऊन बसली आणि नवऱ्याची बाजू वर. हिने खाली बघून नवऱ्याच्या आईला हाक मारली, "विहीणबाय, वर या, तिकडून बसा! तुमचा पोरगा उडाला!" विहीणबाई तशा अंगाने बऱ्या होत्या. त्यांना ते कळलं. दोन्ही घरांचं अजून धड बोलणं नाही.

कोणाला गर्व झाला की ती म्हणायची, "त्याची नाळ वर गेलीय." बंदराच्या रस्त्याला फरशी बसवली तेव्हा एक पुढारी उद्घाटनाला आले होते. छाती पुढे, मान मागे, मागे हार धरलेली माणसं. बामाबाय पाटीशी बसल्या बसल्या ओरडली, "साहेब, जरा पुढं वाका. नाळ वर गेलीय." त्यांना वाटलं म्हातारी आशीर्वाद देतेय. ते वाकले, हात जोडले. "आता बरोबर," ती म्हणाली. मला हसू आवरेना म्हणून मी कोळंबीत तोंड घातलं.

डोंबिवलीच्या डॉक्टरने सांगितलं, आजी, वजन कमी करा. तिने विचारलं, "किती कमी केलं तर होडी सपाट राहील?" तो रक्तदाब बघत राहिला.

मग तो मेकॅनिक आला. वागळे इस्टेटच्या वर्कशॉपमधून, मशीन बघायला, दिनेशनेच बोलावलेला. तरणा पोरगा, कानात वायर. दिनेश ऑईल आणायला गेला होता. होडी काठाला, बामाबाय काठावर, मी बाजूला कोळंबी निवडत होते. पोरग्याने मशीन बघितलं आणि हसला.

"मावशी, ये पिन किसने लगाया?"

"कसली पिन?"

त्याने दाखवली. मशीन ज्याने फळीला टांगतात त्या कड्याला एका ओळीत भोकं असतात. ज्या भोकात पिन घालाल तेवढी मशीनची शेपटी आत किंवा बाहेर राहते. "ही चुकीच्या भोकात आहे. शेपटी बाहेर आली ना, की बोटीचं तोंड उचलतं. बघा, मी आतल्या भोकात घातली. आता सपाट जाणार. पुढे वजनबिजन काही ठेवायचं नाही."

"काहीच नाय?"

"काहीच नाही. एकटा माणूस मस्त घेऊन जाईल."

बामाबायने त्याला चहा पाजला. दिनेश येईपर्यंत तो बाइकवर बसून गेलाही. "काय म्हनला?" दिनेशने विचारलं.

"मशीन चांगलं हाय म्हनला."

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी नाळेवर जाऊन बसली. त्या पोरग्याचं तिला पटलं नसावं. होडी सुटली, दिनेशने वेग दिला, आणि नाळ सरळ पाण्यात शिरली. बामाबायच्या मांडीवर अर्धी खाडी. पदर, केस, डबा, सगळं भिजलं. दिनेशने मशीन बंद केलं, बंदरावरची माणसं हसून हसून बसली.

"आये, तू जाड झालीस!" दिनेश ओरडला. "उद्या घरीच राव तू!"

ती भिजलेली काठावर आली आणि एक शब्द बोलली नाही. लग्नानंतर मी तिला अशी गप्प पहिल्यांदा बघितली. बाजारात आली तरी गप्प. गिऱ्हाइकाने भाव पाडून मागितला आणि हिने देऊन टाकला. तेव्हा मला काळजी वाटली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी बंदरावर गेले तर ही होडीच्या मागच्या फळीवर ओणवी.

"काय करतंस गो?"

"मशीनच्या पाया पडतंय."

"पक्कड घेऊन?"

तिने पक्कड पदरात लपवली. मग बघितलं की मी जात नाही, आणि फळीवर टेकली. "तू बाजारात बसतेस," ती म्हणाली. "काय दिसतं तुना?"

"गिऱ्हाईक दिसतं."

"गिऱ्हाइकाचे पाय दिसतात. चपला दिसतात. जन्मभर मी लोकांच्या चपला बगितल्या. नाळेवर बसलं की म्होरं कुनी नाय. पानी, तिवरं, बगळे. पयला मी, मग होडी, मग दिनेश." तिने पक्कड कमरेला खोचली. "कुनाला बोललीस तर मागच्या दिवाळीच्या करंज्या कुनी खाल्ल्या ते सांगन."

करंज्या तिनेच खाल्ल्या होत्या. तरी मी बोलले नाही. बोलून मला काय मिळणार होतं? ती अर्धा दिवस होडीत असायची तेवढा वेळ बाजारात माझ्या पाटीत तिचा हात नसायचा.

होडी निघाली. नाळ वर, बामाबाय पुढे, होडी सपाट. "बगितलंस?" ती दिनेशला म्हणाली, "कालचा दिवसच खराब होता." दिनेश मशीन चालवतो, मशीनकडे बघत नाही. निदान मला तेव्हा तसं वाटायचं.

मग तिचा गुडघा गेला. होडीतून उतरताना पाय मुरगळला आणि गुडघा सुजून नारळाएवढा झाला. डॉक्टर म्हणाला, होडी बंद. तिची लेक मोहने गावात दिलेली, ती न्यायला आली, म्हणाली महिनाभर माझ्याकडे राहा, शेक देते. निघायच्या आधी बामाबाय मला म्हणाली, "मना बंदरावर धरून ने." नेली. तिने कमरेची पक्कड काढली, वाकली, कण्हली, आणि पिन आतल्या भोकात घातली.

"आता कनाला?" मी विचारलं.

"दिनेश पुना कुनाच्या जाळ्यात घुसंल, येडी."

ती मोहन्याला गेली. दिनेश एकटा होडीत बसला, मशीन चालू केलं आणि होडी सपाट निघाली. जोमा आबांनी काठी आपटली. "बगा! बाईमानूस नाळेवरून उतरलं, होडी सरळ झाली! मी बोललो होतो कं नाय?"

आबा ते एकदा बोलून थांबले असते तर काहीच झालं नसतं. पण त्यांनी ते बंदरावर सांगितलं, बाजारात सांगितलं, सत्यनारायणाच्या पूजेत प्रसाद वाटताना सांगितलं. कोणाच्या तरी मोबाईलवरून मोहन्याला लावून तिलाही सांगितलं. तिच्याकडे उत्तर होतं, एका वाक्याचं. तेवढं वाक्य सोडून तिला सगळं बोलता येत होतं. रात्री तिने मला फोन केला. "म्हातारा अजून बोलतो?"

"बोलतो. काल आरतीत पण बोलला."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

लेकीने महिनाभर राहायला नेलेली बाई आठवड्यातच काठी टेकत परत आली. मोहन्याचं पाणी मानवलं नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी दिनेशने होडी काढली आणि नाळ वर. पहिल्या दिवशी होती तेवढीच वर. बंदरावर माणसं आबांकडे बघायला लागली. आबा लिंबू-मिरचीकडे बघायला लागले.

दिनेश वर घरी आला तेव्हा मी तिथेच होते. "आये, चल," तो म्हणाला. तो चिडलाय की हसू दाबतोय ते मला कळेना.

"मना गुडघा हाय," बामाबाय म्हणाली. "आन मी बसले तर होडी बाटंल. आबा म्हनतात."

"मग काय करू?"

"आबांना इचार."

आबा लिफ्टमध्ये चढत नाहीत. त्यांच्या मते ती पेटी आहे आणि पेटीत माणसाने शेवटी एकदाच जायचं. म्हणून ते जिन्याने आले, मजल्यामजल्यावर थांबत. दारात उभे राहून धापा टाकत होते. बामाबाय खुर्चीत बसून टीव्ही बघत होती.

"चल गो," आबा म्हणाले.

"कुठं?"

"बंदरावर."

"बंदरावर कनाला?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. मी टीव्हीकडे बघितलं. "नाळेवर बस," ते म्हणाले.

"मोठ्यानं बोला आबा. टीवी चालू हाय."

ते मोठ्याने बोलले. शेजारच्यांनी दार उघडून बघितलं, एवढ्या मोठ्याने.

त्यानंतर ती फार फेऱ्या गेली नाही. गुडघा, मग रक्तदाब, मग जे व्हायचं ते. ती गेल्यावर सुतक फिटलं आणि दिनेशने पहिल्यांदा होडी काढली, तेव्हा मी बंदरावर होते. होडी सपाट गेली. पुढे कोणी नव्हतं. पिनेला हात कोणी लावला ते मी विचारलं नाही, आणि दिनेश स्वतःहून बोलला नाही. मशीनकडे न बघणारा माणूस दिसत होता तेवढा बिनडोक नसावा.

पण माझ्या डोळ्यांपुढे आहे ती त्या आधीची, आबा जिना चढून आले त्या दिवशीची. काठी टेकत ती बंदरावर उतरली. नवी हिरवी नऊवारी, नाकात नथ, कमरेला काहीतरी टणक खोचलेलं, ते काय होतं ते मला माहीत होतं. होडीपाशी तिने चपला काढल्या, पण वाकता येईना. आबांनी इकडेतिकडे बघितलं, सगळं बंदर बघत होतं. त्यांनी वाकून चपला उचलल्या आणि हातात धरून उभे राहिले. दिनेशने तिला धरून नाळेवर बसवलं. होडी 'हं' अशी खाली गेली. मशीन भुर्र झालं, नाळेने मान वर केली, बामाबायने दाबली.

थोडं पुढे गेल्यावर तिने मागे न बघता हात वर केला आणि ओरडली, "आबा, नाळ कशी हाय?"

आबांनी डोळ्यांवर हात धरून बराच वेळ बघितलं.

"सपाट हाय गो," ते म्हणाले. "जा."